सायकल आपल्या अंगाला बसली आहे का?

बाजाराचा दिवस होता. दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. त्या गर्दीत एक आजोबा नातीला घेऊन आले. पोर दहावीतली. उजवा गुडघा पुढून, वाटीपाशी दुखतो, बसून उठताना आणि पायऱ्या उतरताना जास्त दुखतो, अशी तक्रार. आजोबांच्या हातात पिशवी, पिशवीत दोन एक्स-रे, रक्ताचा रिपोर्ट आणि माझ्याच अक्षरातल्या दोन चिठ्ठ्या. पहिल्या खेपेला मी कॅल्शियमच्या गोळ्या आणि चोळायचे मलम दिले होते, दुसऱ्या खेपेला वेदनाशामक गोळ्या. दोन्ही वेळा घाईत. गुण काही आला नव्हता.

आजोबा म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आता हिची सायकलच बंद करावं म्हनतो. पोरीची जात, गुडघ्यानं अधू झाली तर पुढं कोन बघील तिला?"

सायकल! दोन खेपांत मी हा प्रश्नच विचारला नव्हता. पोर रोज साडेचार किलोमीटर जाते आणि तेवढीच परत येते. शाळेच्या वेळेला एसटी नाही. म्हणजे सायकल बंद याचा अर्थ शाळा बंद. हे आजोबांना ठाऊक होते, पोरीला ठाऊक होते, पण तोंडाने कोणी म्हणत नव्हते. पोर खाली मान घालून ओढणीचे टोक पिळत बसली होती.

मी उठून बाहेर गेलो. लिंबाच्या झाडाला सायकल टेकवलेली होती. "बस बरं बाई हिच्यावर," म्हटले. ती बसली आणि दुखण्याचे मूळ डोळ्यांपुढे आले. आठवीत सायकल मिळाली तेव्हा सीट जेवढी उंच होती तेवढीच आजही होती. दोन वर्षांत पोर चार बोटे वाढली. चपला बदलल्या, ड्रेस बदलले, सीट मात्र जागची हलली नव्हती. पायडल मारताना गुडघा छातीकडे येत होता. असा दुमडलेला गुडघा दिवसातून काही हजार वेळा जोर लावतो, तेव्हा वाटीमागे दाब येतो आणि ती ठणकू लागते. त्यावर कॅल्शियम काय करणार? दुखणे हाल्याला आणि औषध पखालीला, असा माझा कारभार!

कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या मिस्त्रींना बोलावले. सीटची दांडी गंजून नळीत घट्ट बसली होती. रॉकेल सोडून, ठोकून, पिरगाळून ती निघाली. अडीच इंच वर घेतली. पोर म्हणाली, "पाय टेकत न्हाईत आता." म्हटले, आठ दिवस अवघड जाईल, मग सवय होईल. महिन्याभराने आजोबा बाजारात भेटले. गुडघा बरा होता. गोळ्या त्यांनी केव्हाच बंद केल्या होत्या.

त्या दिवसापासून मनात घोळत असलेला विषय आज लिहितो आहे. सायकल चालवा, मधुमेह आणि रक्तदाब आटोक्यात ठेवा, असा उपदेश आम्ही डॉक्टर मंडळी नेहमी करतो. पण सायकल अंगाला बसलेली नसेल तर माणूस ती पंधरा दिवसांत भिंतीला लावतो. माझे स्पष्ट मत आहे की, सायकल सुटते ती बहुधा आळसाने नव्हे, दुखण्याने. आणि ते दुखणे एका पान्ह्याने बरे होण्यासारखे असते.

माझीच फजिती

पोरीच्या सायकलला नावे ठेवण्याआधी स्वतःची कबुली देतो. पन्नाशी ओलांडल्यावर मीही गिअरची, जाड टायरची सायकल घेतली. आपल्याकडे या जातीच्या सगळ्याच सायकलींना लोक 'रेंजर' म्हणतात. दुकानात मी विचारले काय, तर गिअर किती आणि रंग कोणता! एकवीस गिअर ऐकून खूश झालो. दुकानदाराने खोक्यातून काढून जशी जोडली तशी मी घरी आणली.

महिनाभर पहाटे किल्ल्याच्या रस्त्याने फिरलो. मग डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची अर्धी बाजू बधिर होऊ लागली. शर्टाची गुंडी लावताना बोट साथ देईना. मी डॉक्टर! मानेचा मणका, मधुमेह, काय काय मनात आले. मानेचा एक्स-रे काढून झाला. शेवटी कळले ते असे : करंगळीला जाणारी नस मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूने, तळहाताच्या उंचवट्याखालून जाते. माझ्या सायकलची सीट पुढे झुकलेली होती. मी सतत पुढे घसरत होतो आणि सगळे वजन त्या उंचवट्यावर पेलत होतो. नस तासन्‌तास चेंगरत होती. सीट सपाट केली, हँडल थोडे वर घेतले, मुठी बदलल्या. तीन आठवड्यांनी बोट ताळ्यावर आले. एक्स-रेच्या पैशात मुठींच्या कितीतरी जोड्या आल्या असत्या!

आधी माप, मग सायकल

जाड टायरच्या या सायकलींचा जन्मच मुळी जोडाजोडीतून झाला आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात १९७० च्या दशकात काही तरुण जुन्या, फुगीर टायरच्या सायकली घेऊन डोंगरावरून खाली येत. १९७६ साली तिथे उताराची शर्यत सुरू झाली. उतरताना मागच्या हबमधला ब्रेक इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई आणि दर खेपेला ते नव्याने भरावे लागे. त्यावरून त्या शर्यतीला 'रिपॅक' नाव पडले. त्या पोरांनी जुन्या सांगाड्याला कुठून गिअर लावले, कुठून मोटारसायकलचे ब्रेकचे दांडे लावले, हँडल रुंद केले, आणि माउंटन बाइक तयार झाली. म्हणजे जिची मूळ कल्पनाच 'आपल्याला सोयीचे ते लावून घ्या' ही आहे, ती सायकल आपण मात्र खोक्यातून निघेल तशी मुकाट्याने चालवतो.

दुकानात गेल्यावर पहिली परीक्षा ही करा. सायकल दोन्ही पायांत घेऊन जमिनीवर सपाट उभे राहा. मधली नळी आणि आपली जांघ यांत दोन-तीन इंच मोकळी जागा हवी. नसेल तर सांगाडा मोठा आहे. 'वाढत्या अंगाला होईल' म्हणून पोराला मोठी सायकल घेणे ही आपली जुनी खोड. गणवेश मोठा घेतला तर दुमडता येतो, सांगाडा दुमडता येत नाही.

सीटची उंची

सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट हीच. घरच्या घरी करायची सोपी रीत सांगतो. भिंतीला धरून सीटवर बसा. पायडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय गुडघ्यात सरळ झाला पाहिजे. मग टाचेऐवजी चवड्याचा भाग पायडलवर आणला की गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो. तेवढाच बाक हवा.

आकड्यांची आवड असेल त्यांनी अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहावे. एक जाड पुस्तक दोन पायांमध्ये धरून जांघेला लागेपर्यंत वर घ्यावे आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत माप घ्यावे. त्याला ०.८८ ने गुणले की, पायडलचे दांडे जिथे फिरतात त्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतर मिळते. माप ७५ सेंटिमीटर आले तर सीट ६६ सेंटिमीटरवर. खडकाळ वाटेने जाणाऱ्याने त्याहून एक-दोन सेंटिमीटर खाली ठेवली तरी चालते.

लक्षात ठेवायला एक खूणगाठ. गुडघा पुढून दुखतो तेव्हा सीट बहुधा खाली असते. गुडघ्यामागची शीर ओढते, किंवा पायडल मारताना कंबर डावी-उजवीकडे डोलते, तेव्हा सीट बहुधा वर असते. एकदम दोन-तीन इंच वर घेण्यापेक्षा दर आठवड्याला बोटभर वर घ्यावी, म्हणजे भीती वाटत नाही. सीटच्या दांडीवर एक आडवी खूण असते, तिच्यावर दांडी काढू नये. नाहीतर खड्ड्यात दांडी मोडून पडायची.

"पाय टेकले पाहिजेत" ही आपली समजूत आता सोडली पाहिजे. थांबायचे असेल तेव्हा सीटवरून पुढे उतरून नळीवर उभे राहायचे असते, सीटवर बसून पाय टेकायचे नसतात. गर्दीच्या बाजारपेठेतून जाणाऱ्या वयस्कर माणसाने मात्र सीट बोटभर खाली ठेवली तर मी त्याला दोष देणार नाही. पडण्यापेक्षा थोडे दुखणे परवडले.

पुढे-मागे आणि झुकाव

यासाठी गवंड्याचा ओळंबा उपयोगी पडतो. दोन्ही पायडल समान पातळीवर आडवे धरा. पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या वाटीपासून ओळंबा सोडला तर तो पायडलच्या आसाजवळून गेला पाहिजे. फार पुढे गेला तर सीट मागे सरकवा, फार मागे राहिला तर पुढे घ्या. हे काम दोघांनी मिळून करावे. एकाने बसायचे आणि एकाने ओळंबा धरायचा.

सीट वरून सपाट हवी, पाण्याच्या पातळीसारखी. चोच वर असली की जांघेतल्या नाजूक भागावर दाब येतो, मुंग्या येतात. चोच खाली असली की माणूस घसरून हातावर येतो. माझे झाले ते हेच.

मऊ सीट म्हणजे सुख नव्हे

बसायला त्रास होतो म्हणून लोक गादीसारखी जाड सीट किंवा जेलचे कव्हर आणतात. पहिले दोन किलोमीटर बरे वाटते. आपल्या बुडाची दोन हाडे असतात, त्यांच्यावर बसायचे असते. फार मऊ सीटमध्ये ती हाडे खोल रुततात आणि मधला मऊ भाग, जिथून नसा आणि रक्तवाहिन्या जातात, तोच वर येऊन दाबला जातो. म्हणून सीट थोडी टणक, पण आपल्या हाडांच्या रुंदीची हवी. एक पुठ्ठा पाटावर ठेवून त्यावर पुढे वाकून बसा. दोन खळगे उमटतील. त्यांच्या मध्यांतल्या अंतरापेक्षा सीट बोटभर तरी रुंद हवी. बायकांचे हे अंतर साधारणपणे जास्त असते. पुरुषांची अरुंद सीट त्यांना टोचते ती यामुळे, नाजूकपणामुळे नव्हे.

अमेरिकेतल्या कामगार आरोग्याच्या शासकीय संस्थेने सायकलवरून गस्त घालणाऱ्या पोलिसांना सहा महिने बिनचोचीच्या सीटवर बसवून पाहिले. त्यांच्या जांघेतला दाब आणि बधिरपणा कमी झाला, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसले. आपण लगेच बिनचोचीची सीट शोधायला जायला नको. दर दहा मिनिटांनी काही क्षण पायडलवर उभे राहिले तरी रक्त मोकळे होते. पण उतरल्यावरही बधिरपणा टिकत असेल तर ते अंगावर काढू नका.

हात, मान आणि हँडल

माउंटन बाइकचे हँडल सरळ असते, त्यामुळे हात एकाच ठिकाणी राहतो. ते सीटच्या पातळीला किंवा थोडे वर असले की नवख्या माणसाच्या मानेला आणि कमरेला सुख पडते. कोपर थोडे वाकलेले असू द्या. हात ताठ ठेवले की प्रत्येक खड्डा थेट मानेत पोचतो. हँडल खांद्याहून फारच रुंद असेल तर मिस्त्रींकडून दोन्ही बाजूंनी सारखे कापून घेता येते. ब्रेकचे दांडे आडवे सरळ नकोत, थोडे खाली झुकलेले हवेत. बोटे टाकली की मनगट हाताच्या रेषेत सरळ राहिले पाहिजे. लहान हाताच्या मुलींना आणि बायकांना दांडा लांब पडतो. पुष्कळ दांड्यांना एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की दांडा मुठीजवळ येतो. दोन मिनिटांचे काम आहे. पण घाटात ब्रेक हाताला लागणे न लागणे यावर जीव अवलंबून असतो.

सायकलने मानेचे काय होऊ शकते याचे टोकाचे उदाहरण सांगतो. अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची एक शर्यत आहे. १९८३ साली त्या शर्यतीत मायकेल शर्मर नावाच्या सायकलपटूच्या मानेच्या स्नायूंनी ऐन रस्त्यात असहकार पुकारला, डोके वर धरवेना. तेव्हापासून या दुखण्याला त्याचेच नाव पडले. हीच शर्यत नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली जोडीने पूर्ण केली आणि २०१७ साली नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी एकट्याने. तिघेही डॉक्टर, तिघेही महाराष्ट्राचे! एवढ्या लांबच्या शर्यतीत पायांत दम असून भागत नाही, बसणे नीट नसेल तर पायांचा दम वाया जातो. आपल्याला अमेरिका ओलांडायची नाही. पण शेताला किंवा शाळेला रोज जाणाऱ्याचेही वर्षाकाठी दोन-अडीच हजार किलोमीटर होतात, याचा हिशेब आपण कधी केलेला नसतो.

टायर, शॉकअप आणि घाट

डांबरी रस्त्यावर मोठ्या गोट्यांचा टायर घुंगुंग आवाज करतो आणि दम खातो. ज्याची फेरी गावात आणि सडकेवरच आहे, त्याने मधे गुळगुळीत आणि कडेला खाचा असलेला टायर बसवावा. हवा दगडासारखी ठासू नका. टायरच्या कडेवर छापलेला वरचा आकडा ही मर्यादा आहे, रोजचे माप नव्हे. साठ-पासष्ट किलोच्या माणसाला दोन इंची टायरमध्ये ४० पौंडांच्या आसपास हवा सडकेवर पुरते, मागच्या चाकात थोडी जास्त. खडीच्या वाटेवर पाच-सात पौंड कमी केली तर टायरच धक्का गिळतो.

शॉकअपचा आपल्याकडे भारी सोस! पुढे शॉकअप, मागे शॉकअप, दिसायला मोटारसायकलच. पण स्वस्तातला शॉकअप म्हणजे बहुधा जड स्प्रिंग. चढावर पाय मारला की तो खालीवर होतो आणि आपली निम्मी मेहनत खाऊन टाकतो. त्या पैशात चांगली सीट, चांगल्या मुठी आणि चांगले ब्रेक येतील. माझे मत विचाराल तर आपल्या भागात साध्या चिमट्याची, जाड टायरची सायकल बरी.

धारूरकरांना घाट नवा नाही. तेलगावहून वर येताना गुडघे वाचवायचे असतील तर चढ सुरू होण्याआधीच हलका गिअर टाका, म्हणजे पुढची लहान आणि मागची मोठी चकती. पाय भरभर फिरले पाहिजेत, मिनिटाला साठ-सत्तर फेरे तरी. जड गिअरवर उभे राहून रेटणे ही मर्दुमकी नव्हे, गुडघ्याची उधारी आहे. दम लागला तर खुशाल उतरून चाला, कोणी हसत नाही. उतरताना मात्र ब्रेक वळणाआधी लावा, वळणात नव्हे, आणि दोन्ही लावा. सतत दाबून धरण्यापेक्षा दाबा-सोडा करा, म्हणजे रबर आणि रिम तापत नाहीत. ऊसतोडीच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर वळणावर सगळा रस्ता घेतात. त्या काळात अंधार पडल्यावर सायकलने घाट उतरू नये, असे मी हात जोडून सांगतो.

कपडे : फॅशनसाठी नव्हे, कातडीसाठी

सायकलीचे खास कपडे म्हटले की लोक हसतात. चकचकीत चड्डी घालून बाजारपेठेतून जायला मलाही लाज वाटते. म्हणून मी ती ढगळ पँटच्या आत घालतो. आत गादी असलेली ही चड्डी घालायची तर तिच्या आत दुसरी चड्डी घालायची नाही, हे बहुतेकांना माहीत नसते. आतल्या शिवणी घासतात आणि तिथेच फोड येतात. ती रोज धुवावी आणि कडक उन्हात वाळवावी. अर्ध्या तासाच्या फेरीला हिची गरज नाही. जाड जीन्स मात्र नको, तिची मांड्यांमधली शिवण करवतीसारखी घासते.

इथे एक गंभीर गोष्ट सांगतो. घाम आणि घर्षण यांनी जांघेत लाली येते, खाज सुटते. मग माणूस औषधाच्या दुकानातून कुणी सांगितलेली ट्यूब आणतो. त्यांतल्या अनेकांत स्टेरॉइड मिसळलेले असते. दोन दिवसांत खाज थांबते, पण गजकर्ण असेल तर ते आतल्या आत पसरते आणि मग महिनोन्‌महिने हटत नाही. गेल्या काही वर्षांत असे चिवट गजकर्ण आम्ही फार पाहतो आहोत. सायकलवरून आल्यावर ओले कपडे लगेच बदला, जांघ धुऊन कोरडी करा, सैल सुती कपडे घाला. चार-पाच दिवसांत बरे वाटले नाही तर डॉक्टरला दाखवा, दुकानदाराला नव्हे.

आपल्या कोरड्या उन्हात फिकट रंगाचा, पूर्ण बाह्यांचा, सैल सुती सदरा हा उत्तम सायकलचा पोशाख आहे. तो आपल्या बापजाद्यांना कोणी शिकवला नव्हता. लांब फेरीला आणि थंडीत मात्र घामाने भिजलेला सुती कपडा घाट उतरताना अंगात हुडहुडी भरवतो. तेव्हा वरून एक पातळ जाकीट असू द्यावे. उजव्या पायाच्या पँटचा काठ चेनमध्ये जातो, त्याला रबर किंवा चिमटा लावा. पातळ रबरी चप्पल पायडलवर दुमडते, तळव्याला मुंग्या येतात. त्यापेक्षा टणक तळाचा साधा बूट बरा. धुळीसाठी आणि चिलटांसाठी चष्मा, संध्याकाळी बिनरंगी. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटांवर बसले पाहिजे आणि हनुवटीखालच्या पट्ट्यात एकच बोट गेले पाहिजे. मागे लाल दिवा आणि कपड्यावर चमकणारी पट्टी. हे दोन्ही नसेल तर काळा शर्ट घालून अंधारात जाणे म्हणजे अंगाखाली साप घेऊन झोपणे!

मुलींच्या आयांना विशेष विनंती. ओढणी मोकळी सोडून सायकल चालवू देऊ नका. ती मागच्या चाकात गुंतली की गळा आवळला जातो, मानेला इजा होते, जीवही जातो. ओढणी दोन्ही खांद्यांवरून घेऊन कमरेला गाठ मारून खोचावी, किंवा दप्तरात ठेवावी. मागच्या चाकाला जाळी आणि चेनला पूर्ण झाकण बसवून घ्यावे. आणि सायकलने मुलींच्या शरीराला 'काही होते', पाळीत ती चालवू नये, या समजुतींना वैद्यकशास्त्रात आधार नाही. पाळीत त्रास नसेल तर खुशाल चालवावी. पुरुषांमध्येही सायकलने पुरुषत्व जाते अशी कुजबुज असते. सायकल चालवणारे, पोहणारे आणि पळणारे यांची तुलना करणाऱ्या मोठ्या पाहणीत सायकलवाले त्या बाबतीत मागे असल्याचे दिसले नाही. काळजी घ्यायची ती बधिरपणाची, आणि तिचा उपाय वर सांगितला आहे.

मग करायचे काय?

शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून अनेक तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी मदत मिळते. २०२२ साली ती साडेतीन हजारांवरून पाच हजार रुपये झाली. योजना चांगलीच आहे. पण सायकल मिळाली म्हणजे काम संपले, असे नव्हे. माझी सूचना साधी आहे. दर जूनमध्ये शाळा मुलांची उंची आणि वजन नोंदवते. त्याच दिवशी एक मिस्त्री पान्हा आणि तेलाची बुधली घेऊन शाळेच्या पटांगणात बसवावा. ज्याची उंची वाढली त्याची सीट वाढवावी, ब्रेक पाहावेत, दांडीला ग्रीस लावावे. एका सायकलला पाच मिनिटे. मिस्त्रींची एका दिवसाची मजुरी गावाला जड नाही.

दुकानदार बांधवांना सांगणे असे, की सायकल विकताना गिऱ्हाइकाला तिच्यावर बसवा आणि दहा मिनिटे द्या. त्याला दुखले नाही तर तो दुसरी सायकल तुमच्याकडूनच नेईल. आणि आम्हा डॉक्टर मंडळींनी गुडघ्याचा, हाताचा, कमरेचा पेशंट आला की एक्स-रेची चिठ्ठी लिहिण्याआधी विचारावे, "सायकल चालवता का? आणली आहे का बाहेर?" हा प्रश्न मी दोनदा विसरलो, त्याची शिक्षा एका पोरीच्या शाळेला होणार होती.

सीट आणि हँडल नीट करूनही गुडघ्याला सूज येत असेल, बोटातली ताकद कमी होत असेल, बधिरपणा दिवसभर राहत असेल किंवा लघवीतून रक्त गेले तर मात्र पान्हा बाजूला ठेवा आणि दवाखाना गाठा.

शेवटी एकच. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाची खांदेमळणी करतो. वर्षभर जू ओढून ज्या खांद्याला घट्टे पडले, त्याला हळद-तूप लावून चोळतो. जू खांद्याला लागत असेल तर शेतकरी बैलाला दोष देत नाही, जू तासतो. मुक्या जनावराचे आपण एवढे जाणतो. मग घरातल्या लेकराचे दुखते तेव्हा लेकरालाच का बसवून ठेवायचे? आज संध्याकाळी अंगणातली सायकल बाहेर काढा, पोराला तिच्यावर बसवा आणि टाच पायडलवर ठेवायला सांगून गुडघ्याकडे एकदा बघा.